ज्याचा त्याचा पेला

प्रिय नेली,

हे पत्र एकटी असशील तेव्हा वाच. खोलीतल्या मुलींना जमवून मोठ्याने वाचून दाखवायची तुझी सवय मला ठाऊक आहे, या वेळी ती आवर. आणि वाचून झालं की जाळून टाक. एर्लिंदा मावशी मुलाकडे सीमेवरच्या तिहुआनाला चालल्यात, त्यांच्या पोलक्यात हे शिवून देणार आहे. मुलाच्या ओळखीने त्या ते सीमेपलीकडे तुझ्यापर्यंत पोचवतील. टपालात टाकलं नाही, कारण टपालाची पिशवी फिदेन्सियोच्या बहिणीच्या दुकानात भरतात. गावातला एकुलता एक फोनही तिच्याच दुकानात. भोंग्यावरून आपलं नाव पुकारायचं, आपण चपला टाकून धावायचं आणि ती तराजूमागे बसून शब्द न शब्द वेचणार. नवरा माझा असला तरी नणंद ती नणंदच.

मागच्या पत्रात तू माझ्यावर चांगलीच डाफरलीस. युरीचं अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं झालंय, तीन ओळींत दोनदा तेच वाक्य लिहिलंय, तिला म्हणे मी लाडावून ठेवलंय. "ताई, मी इथे परक्यांचे संडास घासते ते तिने शिकावं म्हणून. एक दिवस शाळा चुकवू देऊ नकोस." वाचून मला राग नाही आला, रडू आलं. कारण तुझी लेक शाळा चुकवत नाही, नेली. अंगात कणकण असली तरी जाते. पोट धरून जाते. आपण दोघी शाळा चुकवायला माळावरच्या निवडुंगामागे लपायचो, तिला तसं काही सुचतच नाही. कोणावर गेली कोण जाणे. आपल्या घराण्यात एवढं शहाणं कोणी नव्हतं.

एउसेबियो मास्तर आले त्या वर्षीपासून शाळेचं रूपच पालटलं, हे मी तुला तेव्हा लिहिलं होतं. आधी पोरं शेंबूड ओढत, उपाशीपोटी यायची आणि दहा वाजता बाकावर माना टाकायची. मास्तरांनी आल्या आल्या आयांना गोळा केलं आणि बजावलं, "पोट रिकामं तर डोकं रिकामं. रात्री लवकर झोप, सकाळी न्याहारी, स्वच्छ हात, मग बघा पाढे कसे पाठ होतात." आम्ही तोंडाला पदर लावून हसलो. पण माणूस हट्टी. शाळेत चूल मांडली, आमच्या पाळ्या लावल्या. सकाळी मक्याची पेज, दुपारी काळा घेवडा, टोमॅटोची चटणी आणि गरम भाकऱ्या. कोलाच्या बाटल्यांना फाटकाच्या आत बंदी. त्याऐवजी वर्गाच्या कोपऱ्यात रांजण, त्यात सकाळीच करून ठेवलेलं लिंबाचं नाहीतर अंबाडीच्या बोंडांचं सरबत. जेवण झालं की सगळी पोरं ओळीने उभी राहून दात घासायची. आणि खरं सांगते, फरक पडला. जुलाबांनी पोरं आजारी पडायची थांबली. हजेरी भरली. युरी पहिल्याच वर्षी वाचायला लागली, तुझी पत्रं ती मला वाचून दाखवायची, आणि तू माझी खोडी काढलेली असलीस की तेवढी ओळ दोनदा वाचायची.

मास्तरांचा सगळ्यात आवडता नियम म्हणजे ज्याचा त्याचा पेला. एकाने दुसऱ्याच्या भांड्यातून प्यायचं नाही, रोग तिथूनच पसरतात. कुंभारांच्या गावात पेल्यांना काय तोटा? आपल्याकडे पोर जन्मलं की त्याच्या नावाचा पेला होतो आणि माणूस गेलं की तो उंबऱ्यावर फोडतात, तेव्हा हा नियम गावाला आपलाच वाटला. फिदेन्सियो शाळा समितीचा प्रमुख. त्याने सगळ्या घरांना सांगितलं की शाळेचे पेले, शाळेचे रांजण, शाळेची मडकी नवी घडवायची, आणि मुलांसाठी आहेत म्हणून झिलई दोनदा चढवायची. दोनदा! पाहुण्यांसाठी, लग्नाच्या आहेरासाठीसुद्धा आपण एकदाच चढवतो. झिलईची ती पिवळी पूड लोकांनी परातीत हाताने कालवली, पोरांच्या नावाने भांडी दोन-दोन वेळा बुडवून काढली. पेले असे चमकले की त्यात तोंड बघून वेणी घालावी. युरीच्या पेल्यावर फिदेन्सियोने स्वतः पाकोळी काढली, नाव लिहिलं, आणि तो मला म्हणाला, "बघ, आपल्याला देवाने पोर दिलं नाही, पण पाकोळी दिली." तो असं बोलायचा तेव्हा.

सरबत मुलांना फार आवडायचं. घरच्या सरबतापेक्षा शाळेतलं गोड लागतं म्हणायची. आम्ही आया म्हणायचो, आपल्या मातीचीच गोडी ती. शहरातून साहेब आले, त्यांनी शाळेला आरोग्याचा झेंडा दिला, युरीला आरोग्यदूत नेमलं. गळ्यात शिट्टी, दंडाला पांढरी पट्टी. रोज सकाळी नखं तपासायची, दात तपासायची, आणि सरबत शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन पेला उपडा करून दाखवल्याशिवाय कोणाला उठू द्यायची नाही. तिचा दरारा एवढा की मीसुद्धा नखं कापायला लागले.

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. हे तुला मी लिहिलं नाही, कारण काय लिहावं तेच कळत नव्हतं. आधी पोटात कळ. मला वाटलं, कच्चे पेरू. मग चिडचिड. आपली युरी, जिने कधी मुंगी मारली नाही, तिने बाकावरच्या मुलीचे केस उपटले आणि नंतर का उपटले ते तिलाच सांगता येईना. चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा पांढुरका. सातचा पाढा, जो ती दोरीवरच्या उड्या मारत म्हणायची, तो पस्तिसावर अडकायला लागला. ती तिथे थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आणि ती एकटीच नव्हती. सगळा वर्गच मंदावत गेला. मास्तर एकदा चुलीपाशी येऊन बसले आणि मला म्हणाले, "ओब्दुलियाबाई, न्याहारी चालू आहे, झोप चालू आहे, हजेरी पूर्ण आहे, मग ही पोरं माझ्या हातातून निसटताहेत का?" मी त्यांना पेज वाढली. दुसरं काय करणार?

त्यांनी मग आणखी कडक शिस्त लावली. मुलांच्या हिरड्यांवर दातांलगत निळसर काळी रेघ दिसायला लागली होती. मास्तर म्हणाले, दात नीट घासत नाहीत. झालं, दोनदाऐवजी तीनदा दात घासायचे, आणि चूळ भरायला ज्याचा त्याचा पेला. युरी शिट्टी वाजवायची आणि सगळ्यांनी एकदम चूळ भरायची. मी आता डोळे मिटले की ती शिट्टी ऐकू येते.

वर्गात एकच पोर हुशार राहिली होती, ती म्हणजे पाववाल्याची चाबेला. ते लोक बाहेरून आलेले, कुंभार नव्हेत, तिच्या नावाचा पेलाच कोणी केला नाही. तिच्या आईने शाळेच्या चुलीवर पाळी घ्यायला नकार दिला होता. चाबेला फाटकाबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत कोला ओतून घ्यायची आणि नळी तोंडात धरून सगळ्यांसमोर उभी राहायची. नखं काळी, दात किडलेले, झोपायला बारा. मास्तर तिला रोज रागे भरायचे आणि ती रोज सगळे हिशेब बरोबर करायची. "बाई, तुमच्या पोरी आता पाढे विसरायला शाळेत जातात का?" असं तिने मला रस्त्यात विचारलं. मी तिच्या आईकडे तक्रार केली.

पावसाचे, चिखलाचे दिवस सरले तशी शहरातून नर्सबाई आल्या. एल्विया त्यांचं नाव, उंच, कमी बोलणारी बाई. मुलं पांढुरकी दिसतात म्हणून सगळ्यांच्या बोटांतून रक्त घेऊन गेल्या. परत आल्या त्या एकट्याच, कुठली जीप नाही, झेंडा नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मास्तरांना आणि मला समोर बसवून म्हणाल्या, "शिसं आहे. सगळ्यांच्या रक्तात. झिलईतून सुटतं, चवीला गोड लागतं, आंबट पदार्थाने जास्त सुटतं, आणि लाकूड वाचवायला भट्टी कमी तापवली की फारच सुटतं." मास्तरांनी रांजणाकडे पाहिलं, मग भिंतीवर खुंट्यांना ओळीने टांगलेल्या पेल्यांकडे, आणि बाहेर जाऊन ते ओकले. सगळ्यात जास्त कोणाच्या रक्तात आहे, हे मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं. जी सगळ्यात जास्त नियम पाळते तिच्या.

रविवारी प्रार्थनेनंतर शाळेच्या पटांगणात गावसभा भरली. ईस्टरची मोठी जत्रा तोंडावर आलेली, घराघरात भांड्यांच्या उतरंडी लागलेल्या. मास्तर उभे राहून बोलायला लागले आणि लोकांनी त्यांचं बोलणं हाणून पाडलं. "शिसं म्हणे! मग माझी आजी त्याच मडक्यात जेवून नव्वद वर्षं कशी जगली?" "नर्सबाईला प्लास्टिकचे पेले खपवायचे असतील." "पोरांना शिकवता येत नाही म्हणून मडक्यांवर ढकलता होय?" शेवटी एर्लिंदा मावशींचा दीर म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. जत्रेआधी हे बाहेर गेलं तर आपली एक चूल पेटणार नाही." ठरलं असं की बाहेर कोणी वाच्यता करायची नाही, उत्तरेला गेलेल्यांना कोणी कळवायचं नाही, नर्सबाईंना पुन्हा गावात घ्यायचं नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, नेली? पण मी तोंड उघडलं नाही. बायकांमध्ये बसून राहिले.

मग फिदेन्सियो उठला. रांजणातून सरबत काढून सगळ्यांसमोर घटाघटा प्याला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि तो म्हणाला, "मी म्हातारा कुंभार, माझं काय! आमच्या आरोग्यदूताला विचारा," आणि त्याने युरीला हाक मारली. ती आली. शिट्टी गळ्यात, पट्टी दंडाला. त्याने तिचा पेला काठोकाठ भरला. मी उठले, पण पुढे दोन रांगा होत्या आणि कोणीतरी माझा पदर धरला. ती शेवटच्या थेंबापर्यंत प्याली, पेला उपडा करून सगळ्या गावाला दाखवला आणि हसली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मास्तर मान खाली घालून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या उंबऱ्यावर त्यांच्या नावाचा पेला फोडलेला सापडला. माणूस जिवंत, धडधाकट, आणि उंबऱ्यावर त्याच्या पेल्याचे तुकडे. त्यांनी ते स्वतः झाडून भरले, आई आजारी असल्याचं सांगितलं आणि पहिल्या बसने गेले. कोणी केलं हे कोणी विचारलं नाही. आता शाळेत समितीच शिकवते, म्हणजे फिदेन्सियोचा पुतण्या फळ्यावर काहीतरी उतरवून देतो. रांजण रोज भरतो. शिट्टी रोज वाजते.

फिदेन्सियो वाईट माणूस आहे असं समजू नकोस. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्याचा युरीवर जीव आहे. पण त्याचं मनगट आता लोंबतं, कुंचला धरला की रेघ वाकडी जाते, आणि मग तो हातातलं फेकतो, कधी भिंतीवर, कधी माझ्यावर. आमच्या लग्नात त्याने सगळ्या पाहुण्यांना हसवून लोळवलं होतं, तोच हा माणूस. त्यालाही तेच झालंय, नेली. त्याला ते सांगायला गेले तर त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

मी घरात जमेल तेवढं करून पाहिलं. युरीला पत्र्याच्या मगातून पाणी द्यायला लागले. पहिल्याच दिवशी तीच मला म्हणाली, "मावशी, हा माझा पेला नाही. दुसऱ्याच्या भांड्यातून प्यायचं नाही." कितीही समजावलं तरी ऐकेना, तिला रडू फुटलं. मास्तरांचा शब्द तिच्यासाठी वेदवाक्य. लिंबं लपवून ठेवली तर शाळेतून पिऊन आली. अंगणात पूड वाळत घातलेली असते, ती पायांना लागून घरात येते, अंथरुणात येते. किती पुसू? नर्सबाईंना मी एर्लिंदा मावशींकरवी निरोप धाडला होता. त्यांनी उलट कळवलं, पोर इथे आणा, रक्तातलं शिसं औषधाने उतरेल. डोक्याचं जे गेलं ते किती परत येईल ते सांगता येत नाही. पण उपचार झाल्यावर तिला पुन्हा त्या घरात न्यायचं असेल तर आणूच नका.

आज सकाळी चुलीमागच्या खुंटीकडे हात गेला तर माझा पेला जागेवर नव्हता. फिदेन्सियोला विचारलं, तो म्हणाला, "असेल कुठेतरी," आणि वर पाहिलं नाही. दिवसभर मी उंबऱ्याकडे बघत काम करते आहे.

परवा जत्रेच्या मालाची भट्टी लावायची आहे. भट्टी पेटली की कुंभाराला दुसऱ्या दिवसापर्यंत जागचं हलता येत नाही, हे तू जाणतेस. आग सोडली तर वर्षाची कमाई तडकते. तो जाळ घालत असताना मी युरीला शाळेच्या वाटेवरून वळवून बसमध्ये बसवणार आहे. नर्सबाई शहरात, मोरेलियाच्या स्थानकावर थांबणार आहेत. तिथे दवाखान्यात काही आठवडे, आणि नंतर उत्तरेची बस. मी इथे परत येणार नाही. बाकीच्या पोरांचं काय, हा प्रश्न मला जाळतो, आणि मोरेलियाला पोचले की जो साहेब ऐकेल त्याला मी सगळं सांगणार आहे. त्यानंतर या गावात माझं नावही कोणी घेणार नाही. तू दुकानाच्या नंबरावर फोन करू नकोस. केलास तर फिदेन्सियो घेईल, गोड बोलेल, युरी मजेत आहे म्हणेल, आणि तुला ते खरं वाटेल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. युरी यायला तयार नव्हती. शाळा बुडेल म्हणाली, माझ्या पट्टीचं काय म्हणाली. मी हरले आणि खोटं बोलले. म्हटलं, आई तुला भेटायला येणार आहे, ईस्टरनंतरच्या चौथ्या रविवारी, तिहुआनाच्या बसस्थानकावर. तेव्हा कुठे तिने मान डोलावली. मला माहीत आहे, नेली, तुझ्याकडे कागद नाहीत. एकदा अलीकडे पाऊल टाकलंस की पलीकडची वाट बंद, आणि तिथलं एवढ्या वर्षांचं सगळं गेलं. तरी मी तुला ये म्हणते आहे. माझं ते बोलणं खोटं पाडू नकोस. काल वेणी घालताना ती म्हणाली, "मावशी, आई आली की तू आधी तिला हाक मार हं. म्हणजे मला कळेल कोणती ते." तुझा फोटो तिच्या उशाशी भिंतीवर आहे, रोज झोपताना ती त्याचा पापा घेते. हे तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे.

तुझ्या लेकीचा हात घट्ट धरून निघालेली,
तुझीच
ओब्दुलिया